कंपनीच्या साईजपेक्षा वेगळा टायर टाकायचाय? मग आधी एवढं मोजून घ्या

टायर बदलायची वेळ आली की बऱ्याच जणांच्या मनात येतंच, की आता बदलतोच आहोत तर जरा रुंद टाकूया, किंवा एक इंच मोठी अलॉय रिमच घेऊन टाकूया, गाडी कशी भरलेली दिसेल. यात वावगं काही नाही, साईज बदलता येते आणि नीट विचार करून बदलली तर गाडी वळणावर छान बसून चालते. फक्त ही गोष्ट दिसण्यावरून ठरवायची नाही, आकड्यांवरून ठरवायची, आणि आकडे काही फार अवघड नाहीत, मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतात. ब्रेक कितीही भारी असले तरी शेवटी गाडी थांबते ती टायरवरच, त्यामुळे "बसतोय ना, मग झालं" हे इथे चालत नाही.

सगळ्यात आधी कंपनीची साईज शोधा. आत्ता गाडीला जो टायर लागलाय त्यावर वाचू नका, विशेषतः गाडी सेकंडहँड असेल तर, कारण आधीच्या मालकाने काय बदलून ठेवलंय कोण जाणे. ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की खांबावर स्टिकर असतो, काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला असतो, आणि मॅन्युअलमध्ये तर असतंच. बऱ्याचदा त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला कंपनी स्वतःच मोठा टायर देते, म्हणजे खालच्याला १५ इंच, वरच्याला १६ इंच असं. तुमच्या मनातली साईज त्या यादीत निघाली तर निम्मं काम झालं, कारण तो टायर त्याच बॉडीत घासतो की नाही हे कंपनीने आधीच बघितलेलं असतं. तरी त्या व्हेरिएंटची रिम आणि सस्पेन्शन तुमच्यासारखंच आहे ना एवढं विचारून घ्या.

आता साईज वाचायची कशी. समजा लिहिलंय १८५/६५ आर १५ ८८एच. १८५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, साईडवॉलची उंची, पण ती मिलिमीटरमध्ये नाही, रुंदीच्या ६५ टक्के. इथेच सगळे फसतात, कारण रुंदी वाढवली आणि ६५ तसंच ठेवलं तर उंचीही आपोआप वाढते. आर म्हणजे रेडियल, १५ म्हणजे रिमचा व्यास इंचात. ८८ हा लोड इंडेक्स आणि एच हे स्पीडचं अक्षर, त्यांच्याकडे नंतर येतो.

पूर्ण टायरचा व्यास काढायचा तो असा: १८५ चे ६५ टक्के म्हणजे १२०.२५ मिमी, साईडवॉल वर एकदा आणि खाली एकदा म्हणून दुप्पट, २४०.५. रिम १५ इंच, एक इंच म्हणजे २५.४ मिमी, म्हणून ३८१. बेरीज ६२१.५ मिमी. हा तुमच्या गाडीचा मूळ आकडा, हा कागदावर लिहून ठेवा, पुढचं सगळं याच्याशी ताडून बघायचंय.

आता हीच बेरीज मनातल्या साईजवर करा. १९५/६५ आर १५ चा व्यास येतो ६३४.५, म्हणजे मूळपेक्षा साधारण २.१ टक्के मोठा. १९५/६० आर १५ केला तर ६१५, साधारण १ टक्का लहान. २०५/६० आर १५ म्हणजे ६२७, ०.९ टक्के मोठा. १६ इंचात जायचं असेल तर १९५/५५ आर १६ चा व्यास ६२०.९, म्हणजे जवळजवळ तंतोतंत तोच. आणि कोणी सांगितलं की २०५/६५ आर १५ टाका, मस्त दिसेल, तर तो निघतो ६४७.५, सरळ ४ टक्क्यांच्या वर, हा सोडून द्या. साधारणपणे वापरला जाणारा नियम असा की मूळ व्यासापासून ३ टक्क्यांच्या आत राहायचं. माझं मत विचाराल तर रोज चालवायच्या गाडीला २ टक्क्यांच्या आत राहा, ३ ही शेवटची मर्यादा समजा.

व्यासावर एवढा भर का, तर गाडीला तुमचा टायर दिसत नाही, तिला फक्त चाकाचे फेरे कळतात. स्पीडोमीटर फेऱ्यांवरून स्पीड दाखवतो, किलोमीटरही त्यावरूनच मोजले जातात. टायर ३ टक्के मोठा झाला की एका फेऱ्यात गाडी ३ टक्के जास्त पुढे जाते, मीटरवर १०० असताना प्रत्यक्षात १०३ असते (मीटर आधी बरोबर होता असं धरून). संयुक्त राष्ट्रांचा रेग्युलेशन ३९ म्हणून जो नियम बऱ्याच देशांत लागू आहे त्यात मीटरने खऱ्या स्पीडपेक्षा कमी दाखवायचंच नाही, जास्त दाखवलेलं चालतं, तेही खऱ्या स्पीडच्या १० टक्के अधिक ४ किमी एवढंच. म्हणून कंपन्या मीटर थोडा जास्त दाखवणाराच ठेवतात आणि टायरमधली एक-दोन टक्क्यांची वाढ त्यात खपून जाते. त्यापुढे गेलात की मीटर कमी दाखवायला लागायची शक्यता, आणि मग आपण नकळत लिमिटच्या वर असतो. शिवाय टायर मोठा म्हणजे गिअरिंग लांब होतं, पहिल्या गिअरमध्ये गाडी उचलायला जड लागते, चढावर आणि गाडी भरलेली असताना ते चांगलंच जाणवतं, छोट्या इंजिनला तर जास्तच. ग्राउंड क्लिअरन्स वाढेल म्हणून मोठा टायर टाकणाऱ्यांनी एक लक्षात घ्या, व्यासात जेवढी वाढ त्याच्या निम्मीच गाडी वर उचलली जाते. १३ मिमीने टायर वाढवला तर गाडी साडेसहा मिमी उंच होते, बस्स.

व्यास जमला म्हणून लगेच खूश होऊ नका, आता लोड इंडेक्स. ८८ म्हणजे एक टायर ५६० किलो पेलू शकतो. ८४ म्हणजे ५००, ८५ म्हणजे ५१५, ८७ म्हणजे ५४५, ९१ म्हणजे ६१५. नियम एकच, मूळ इंडेक्सपेक्षा खाली कधीच जायचं नाही, वर गेलेलं चालतं. वरचंच उदाहरण घ्या, १९५/५५ आर १६ चा व्यास मूळ टायरशी एकदम जुळतो, आणि दुकानात तो ८७व्ही मध्ये मिळतो. ८७ म्हणजे ५४५ किलो, म्हणजे प्रत्येक चाकामागे १५ किलो कमी. कोणी म्हणेल १५ किलोने काय होतंय, पण घरचे सगळे बसलेत, डिकी गच्च भरलीय, भर उन्हात हायवेला गाडी पळतेय, हवा थोडी कमी आहे, अशा वेळी टायर आतून तापतो तो याच हिशोबात आणि फुटतो तोही तेव्हाच. याच साईजमध्ये ९१ चा एक्सएल, म्हणजे एक्स्ट्रा लोडचा टायर मिळतो, तो घ्यायचा. फक्त एक्सएल टायरला तेवढंच वजन पेलायला हवा साध्या टायरपेक्षा थोडी जास्त लागते, तेव्हा जुन्याच आकड्यावर हवा भरून गप्प बसू नका, टायर कंपनीच्या लोड आणि प्रेशरच्या तक्त्यात बघून घ्या. स्पीडच्या अक्षराचंही तसंच, टी म्हणजे जास्तीत जास्त ताशी १९० किमी, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०, मूळ अक्षराच्या खाली नको. आपण कुठे एवढ्या स्पीडने जातो असं वाटतं, पण वरच्या अक्षराचा टायर उष्णता जास्त सहन करतो, आणि काही ठिकाणी इन्शुरन्सवाले क्लेमच्या वेळी हेच बघतात.

मग रिमची रुंदी. ही गोष्ट लोक हमखास विसरतात. रिमच्या मागच्या बाजूला किंवा आरीच्या आत कोरलेलं असतं, ५.५जे x १५ किंवा ६जे x १५ असं, चाक काढून पाणी मारून पुसलं की दिसतं. तो ५.५ किंवा ६ म्हणजे रिमची रुंदी इंचात. प्रत्येक टायर साईजला चालणाऱ्या रिमची रेंज ठरलेली असते. १८५/६५ आर १५ ला ५ ते ६.५ इंच चालते, १९५/६५ आर १५ ला ५.५ ते ७, २०५/६० आर १५ ला ५.५ ते ७.५. म्हणजे तुमची रिम ५ इंची असेल तर १९५ सुद्धा बसवायचा नाही, मशीनवर तो चढेल, हवाही धरेल, पण साईडवॉल फुग्यासारखी बाहेर येते आणि वळणावर टायर रिमवर डुलतो, स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी क्षणभर उशिरा वळते. रुंद टायर टाकून गाडी जास्त लूज वाटायला लागली अशी तक्रार असेल तर आधी रिमची रुंदी बघा. बरोबर रेंजच्या काठावर बसवण्यापेक्षा मधोमध बसेल असा टायर निवडा. आणि टायर कंपनीच्या डेटाशीटवर त्या मॉडेलची खरी रुंदी, खरा व्यास दिलेला असतो तो एकदा वाचा, कारण एकाच साईजचे दोन कंपन्यांचे टायर शेजारी ठेवले तर काही मिमीचा फरक निघतोच.

नुसता टायर बदलणार असाल, रिम तीच ठेवून, तर रिमबद्दलचा पुढचा भाग सोडलात तरी चालेल. रिमही बदलणार असाल तर मात्र अजून चार गोष्टी. पीसीडी, म्हणजे नटांचं वर्तुळ, ते तंतोतंत तेच हवं, ४ नट १०० मिमी असेल तर ४ नट १००च, ९८ वाली ओढूनताणून बसते पण नट तिरके बसतात आणि सुटतात, असलं काही करू नका. मधलं भोक हबपेक्षा, म्हणजे गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्यापेक्षा, मोठं असेल तर हब रिंग (फट भरणारी कडी) टाका, नाहीतर ठराविक स्पीडला स्टिअरिंग थरथरतं आणि कितीही बॅलन्सिंग केलं तरी जात नाही. नट कोणत्या आकाराचे ते बघा, निमुळते की गोलाकार बुडाचे, चुकीचा नट कितीही घट्ट केला तरी नीट बसत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ऑफसेट, रिमवर ईटी४५ असं जे लिहिलेलं असतं ते. रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारा भाग किती मिमी बाहेरच्या बाजूला आहे तो हा आकडा. ऑफसेट कमी झाला की चाक बाहेर येतं, वाढला की आत जातं. समजा जुनी ६जे ईटी४५ होती आणि नवीन ७जे ईटी४० घेतली, तर हिशोब असा होतो की रिमची बाहेरची कड जवळजवळ १८ मिमी बाहेर येते, आणि आतली कड साधारण ८ मिमी आत सरकते, दोन्ही एकदम. बाहेर मडगार्डला घासायची भीती, आत शॉक अब्सॉर्बरला. शिवाय चाक बाहेर आलं की बेअरिंगवर ताण वाढतो, ब्रेक मारताना स्टिअरिंग ओढल्यासारखं होतं. स्पेसर (रिम आणि हबच्या मध्ये घालायची चकती) टाकून ॲडजस्ट करू असं कोणी म्हटलं तर मी तरी नकोच म्हणेन, योग्य ऑफसेटची रिम शोधा, थोडं थांबायला लागलं तरी चालेल.

रिम लहान करणाऱ्यांसाठी एक वेगळा इशारा. खड्ड्यांच्या रस्त्यावर आराम मिळावा म्हणून १६ वरून १५ ला येणं हा खरंतर चांगला विचार आहे, साईडवॉल उंच होते, धक्के कमी बसतात, रिम वाकत नाही. पण आत ब्रेकचं कॅलिपर (डिस्कला दाबून धरणारा भाग) मावलं पाहिजे. नवी रिम टायर न चढवता नुसतीच हबला लावून हाताने पूर्ण फेरा फिरवून बघा, कुठे खर्र झालं तर ती रिम त्या गाडीची नाही.

आता घासतं का हे तपासायचं, आणि हे नीट वेळ काढून करा. दुकानदाराला सांगा की आधी एकच टायर चढव, पुढच्या चाकाला लावून बघू, मग बाकीचे. चाक लावलं, गाडी जमिनीवर उतरवली की स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, आत हात घाला. टायर आणि शॉकअपच्या मध्ये बोट सहज फिरलं पाहिजे, अडकत असेल तर नको. ब्रेकचा रबरी पाइप बघा, मग आतलं काळं प्लास्टिक, मग बंपरचा मागचा कोपरा. तसंच दुसऱ्या बाजूला. हे झालं उभ्या गाडीचं, पण उभ्या गाडीत घासत नाही म्हणजे चालत्या गाडीत घासणार नाही असं नाही, कारण सस्पेन्शन दाबलं की चाक वर आत शिरतं. म्हणून मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकवर आणि पत्र्याच्या दुमडलेल्या कडेवर खडूचा जाड पट्टा ओढा, चारही चाकांना. मग गाडीत पाच माणसं बसवा, डिकीत वजन टाका, आणि मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळूहळू स्पीडब्रेकरवरून तिरकं जा, म्हणजे एकच चाक वर चढेल. दोन्ही बाजूंनी, पुढे एकदा आणि रिव्हर्समध्ये एकदा. परत येऊन टॉर्च मारून बघा. खडू जसाच्या तसा असेल तर छान. बोटभर रुंदीची खडू पुसलेली, चकचकीत काळी रेघ दिसली तर तिथे टायर लागतोय, आणि आज प्लास्टिकला लागतोय तो उद्या खड्ड्यात जोरात आपटल्यावर पत्र्याच्या धारेला लागेल आणि साईडवॉल कापेल. पत्रा ठोकून जागा करून देतो असं सांगणारे भेटतात, पण साईज एक पायरी कमी करणं केव्हाही बरं. ज्यांना बर्फात चेन लावायला लागते त्यांनी चेनची जाडी धरून जागा मोजा.

किती टायर बदलायचे? चारही. निदान एका ॲक्सलवर, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीत, तरी दोन्ही टायर साईजने, मॉडेलने आणि झिजेने सारखेच हवेत, यात तडजोड नाही. फोर व्हील ड्राइव्ह किंवा ऑल व्हील ड्राइव्ह गाडी असेल तर चारही चाकांचा घेर सारखाच लागतो, फरक पडला की मधलं डिफरेन्शियल किंवा कपलिंग सरळ रस्त्यावरही सतत काम करत राहतं, तापतं आणि शेवटी बसतं, आणि ते दुरुस्त करायचा खर्च चार टायरच्या कितीतरी पुढे जातो. स्टेपनी जुन्याच साईजची राहणार असेल तर ती फक्त पंक्चरच्या दुकानापर्यंत पोचण्यापुरती, हळू चालवत. पुढच्या चाकांना ड्राइव्ह असलेल्या गाडीचं पुढचं चाक पंक्चर झालं तर जमल्यास मागचं चाक पुढे लावा आणि स्टेपनी मागे.

रुंद टायरने काय मिळतं आणि काय जातं हेही ऐकून ठेवा. कोरड्या डांबरावर वळताना पकड चांगली वाटते, गाडी स्थिर वाटते. पण साचलेल्या पाण्यात रुंद टायर लवकर तरंगतो, कारण त्याला जास्त पाणी बाजूला सारायचं असतं. स्टिअरिंग जड होतं, ॲव्हरेज थोडं खाली येतं, आवाज वाढू शकतो, रस्त्याला पडलेल्या चाकोऱ्यांत गाडी ओढली जाते. मोठी रिम आणि पातळ साईडवॉल केली तर खड्ड्याचा सगळा मार रिमवर जातो, रिम वाकते, साईडवॉलला फोड येतो. मला विचाराल तर बहुतेक गाड्यांना रिम तीच ठेवून रुंदीत एक पायरी वर जाणं आणि त्या पैशात चांगल्या प्रतीचा टायर घेणं हाच सगळ्यात शहाणपणाचा बदल आहे. ओल्या रस्त्यावर ब्रेक मारताना टायरच्या रबराची प्रत जो फरक पाडते तो १० मिमी जास्त रुंदी पाडत नाही.

विकत घ्यायच्या आधी आपल्याकडचा वाहतुकीचा नियम आणि इन्शुरन्स कंपनीचं म्हणणं विचारून घ्या, शक्यतो लेखी. काही देशांत वेगळी साईज टाकली की गाडी दाखवून नोंद करून घ्यावी लागते, आणि टायर बॉडीच्या बाहेर आलेला बऱ्याच ठिकाणी चालत नाही.

टायर बसवताना साईडवॉलवरचा चार आकडी तारखेचा कोड बघा, २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३वा आठवडा, फार जुना माल घेऊ नका. बाण असलेला टायर बाणाच्या दिशेने फिरेल असाच लावायचा, आणि बाहेरची बाजू लिहिलेली असेल तर ती बाहेरच. नट समोरासमोरचे आळीपाळीने कसायचे आणि शेवटी मॅन्युअलमधल्या आकड्यावर टॉर्क रेंचने (किती जोराने कसलं ते दाखवणारा पाना), नुसत्या मशीनने ठोकून नाही. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घ्या. गाडीला टायर प्रेशरची वॉर्निंग असेल तर ती मेन्यूत जाऊन रिसेट करा, कारण काही गाड्यांत ती फेऱ्यांच्या फरकावरून चालते आणि जुन्या टायरचा हिशोब धरून बसते.

५० ते १०० किमी चालवल्यावर नट परत एकदा टॉर्कवर तपासा, नवीन रिम असेल तर नक्कीच. मोकळ्या सरळ रस्त्यावर एकसारख्या स्पीडला शेजारी बसलेल्याला मोबाईलच्या जीपीएसवरचा स्पीड वाचायला सांगा, म्हणजे मीटर किती दाखवतो आणि खरा किती ते कायमचं कळेल. मग काही हजार किमीनंतर ट्रेडची, म्हणजे टायरच्या खाचांची, खोली मधे आणि दोन्ही कडांना मोजा. मधे जास्त झिजला असेल तर हवा जास्त होतेय, दोन्ही कडा झिजल्या असतील तर कमी पडतेय, आणि एकच कड खाल्ली असेल तर अलाइनमेंट परत करून घ्या.